रूपाचे माप आणि ताकदीचे माप



आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात एका मॉडेलची कथा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. प्रश्न रास्तच आहे. मॉडेलिंग म्हणजे इतरांनी पाहावे म्हणून शरीर सांभाळण्याचा व्यवसाय. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा आरशाशी असलेला संबंध तर आता भांग पाडण्यापुरताच उरलेला आहे. तरीही आजच्या लेखाचा विषय मिलिंद सोमण हे आहेत, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या मातोश्री उषाताई सोमण.

आमच्या स्वारगेट परिसरात सकाळी सारसबागेत फिरावयास येणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत हे नाव अधूनमधून निघते. त्यावर दोनच प्रकारचे उद्गार ऐकू येतात. "त्यांचा तो धंदाच आहे हो, त्यांना दुसरे काम काय!" हा एक. "आपल्याला या वयात कुठे जमायचे!" हा दुसरा. दोन्ही उद्गारांनी विषय संपतो आणि मंडळी चहाकडे वळतात. वस्तुतः विषय तेथून सुरू व्हावयास हवा.

सोमणांचा जन्म ४ नोव्हेंबर १९६५ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. वडील शास्त्रज्ञ, आई जीवरसायनशास्त्राची अध्यापिका. मूल सात वर्षांचे असताना कुटुंब मुंबईस परतले आणि दादरच्या शिवाजी पार्क परिसरात स्थिरावले. तेथील जलतरण तलावात हा मुलगा पोहावयास शिकला आणि पुढे राष्ट्रीय विजेता झाला. १९८४ साली काठमांडू येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळविले. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेचे. मॉडेलिंग हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. १९८९च्या सुमारास एका कापड गिरणीच्या जाहिरातीसाठी छायाचित्रे काढली गेली आणि व्यवसायाची दिशा पालटली. १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' या गीताच्या चित्रफितीने हा मराठी चेहरा घरोघरी पोहोचला. त्यानंतर दूरदर्शनवरील 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली, हिंदी चित्रपट आले आणि आपल्या पुण्याच्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचा 'संहिता' हा मराठी चित्रपटही आला. एका पादत्राणांच्या जाहिरातीवरून खटलाही झाला. तो चौदा वर्षे चालला आणि २००९ साली निर्दोष मुक्ततेने संपला. त्या जाहिरातीतील सहकलाकार मधू सप्रे याही नागपूरकडच्या मराठी, आणि मुळात मैदानावरच्या खेळाडू. १९९२च्या विश्वसुंदरी स्पर्धेत, देशाचे प्रमुखपद मिळाले तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी भव्य क्रीडांगण बांधण्याचे उत्तर दिले होते. परीक्षकांना ते फारसे रुचले नाही, असे तेव्हा बोलले गेले. आरोग्याच्या दृष्टीने पाहता ते उत्तर वाईट होते असे निदान मला तरी वाटत नाही.

येथवरची कथा कोणत्याही चित्रपट-साप्ताहिकात सापडेल. आपल्या उपयोगाचा भाग पुढे आहे.

वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास सोमणांनी स्पर्धात्मक पोहणे सोडले. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे ते देशातील सर्वांत देखण्या पुरुषांत गणले जात होते, परंतु नियमित व्यायाम असा राहिला नव्हता. तिशीनंतर सिगारेटची सवय लागली आणि ती सोडविताना बरेच कष्ट पडले, हेही त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते. छायाचित्रांत शरीर तेच होते, चेहरा तोच होता. २००४ साली पहिली मुंबई मॅरेथॉन झाली, तेव्हा अडतिसाव्या वर्षी ते अर्धमॅरेथॉन धावले आणि मग धावतच राहिले. २०१२ साली दिल्ली ते मुंबई हे सुमारे १५०० किलोमीटरचे अंतर त्यांनी तीस दिवसांत पार केले. त्याच वर्षी स्त्रियांना धावण्याची गोडी लागावी आणि स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी, यासाठी 'पिंकेथॉन' हा उपक्रम सुरू झाला. २०१५च्या जुलैत, पन्नाशी अवघ्या काही महिन्यांवर असताना, झुरिच येथील 'आयर्नमॅन' स्पर्धा त्यांनी पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२ किलोमीटर धावणे, हे सारे एकाच दिवसात, सोळा तासांच्या मुदतीच्या आत. दोन वर्षांनी फ्लोरिडातील तीन दिवसांची 'अल्ट्रामॅन' स्पर्धाही त्यांनी पुरी केली. तीत एकूण अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक असते.

निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्या आपल्या वाचकांना समजेल असा दृष्टान्त द्यावयाचा तर शरीराची ताकद ही मुदतठेव नाही, ते बचत खाते आहे. विसाव्या वर्षी भरलेली रक्कम चाळिशीत व्याजासह परत मिळत नाही. भरणे थांबले की शिल्लक घटू लागते. मात्र खाते कधीच बंद होत नाही, ही या बँकेची उदारता. अडतिसाव्या वर्षी पुन्हा भरणा सुरू करता येतो. साठाव्या वर्षीही करता येतो, आणि याचे उदाहरण त्याच घरात आहे.

उषाताई सोमण यांचा जन्म १९३९ सालचा. नोकरी, संसार, मुले यांत आयुष्याची साठ वर्षे गेल्यानंतर त्यांनी डोंगर चढावयास आरंभ केला. सह्याद्रीतील वाटा झाल्या, हिमालय झाला. २०१६ साली मुलाच्या लांब पल्ल्याच्या धावण्यात काही अंतर त्या त्याच्याबरोबर धावल्या, साडी नेसून आणि अनवाणी. ती चित्रफीत तेव्हा लाखो लोकांनी पाहिली. ३ जुलै २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, त्यांनी आपला एक्याऐंशीवा वाढदिवस पंधरा जोर काढून साजरा केला. पुन्हा साडीतच.

वृत्तपत्रांनी याला चमत्कार म्हटले. मला हा शब्द उपद्रवकारक वाटतो. चमत्कार म्हटले की आपण हात जोडतो आणि स्वस्थ बसतो. उषाताईंच्या त्या पंधरा जोरांच्या मागे वीस वर्षांचे चालणे आणि चढणे होते. एकविसाव्या वर्षी वीस जोर काढणारा तरुण आणि एक्याऐंशीव्या वर्षी पंधरा जोर काढणाऱ्या आजी यांच्या स्नायूंना लागू असलेले नियम मूलतः एकच आहेत. आजींच्या बाबतीत भरपाईला वेळ अधिक लागतो, इतकेच.

हे नियम थोडक्यात समजून घेऊ. तिशीनंतर माणसाच्या स्नायूंचे प्रमाण दर दहा वर्षांस साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. शक्ती तर आकारमानाहूनही लवकर उतरते. बैठे आयुष्य, अपुरी प्रथिने आणि लांबलेली आजारपणे या घसरणीला हातभार लावतात. वृद्धाने दहा दिवस अंथरुणाला खिळून काढले, तर पायांची ताकद त्या दहा दिवसांत जितकी जाते तितकी परत मिळविण्यास कैक आठवडे लागतात. ताप उतरला, अहवाल चांगला आला, तरी "आजोबा पूर्वीसारखे उठत नाहीत" अशी तक्रार घरोघरी असते, तिचे एक मोठे कारण येथे आहे.

आता दुसरी बाजू. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातील दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले. ही मंडळी ८६ ते ९६ वर्षांची होती, अनेक व्याधींनी ग्रासलेली होती, पडण्याचे अनुभव घेतलेली होती. त्यांपैकी नऊ जणांनी व्यायामक्रम पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहूनही अधिक वाढली. नव्वदीच्या माणसाचा स्नायू प्रतिसाद देतो, हे त्या लहानशा प्रयोगाने दाखविले. चार वर्षांनंतर त्याच गटाने शंभर रहिवाशांवर मोठा अभ्यास केला आणि तोही याच दिशेने गेला. या मंडळींत कोणी मॉडेल नव्हते, कोणाचा मुलगा प्रसिद्ध नव्हता.

मॉडेलच्या कथेकडे पुन्हा वळण्याचे कारण असे की या व्यवसायाने जगाला बारीकपणाची भुरळ घातली आणि त्याची किंमत त्याच व्यवसायातील मुलींनी मोजली. ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्टन ही मॉडेल नोव्हेंबर २००६ मध्ये साओ पावलो येथे मरण पावली. वय अवघे २१. उंची पाच फूट सात-आठ इंच आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. अन्न टाळण्याच्या मानसिक विकाराने शरीर इतके खंगले होते की जंतुसंसर्गाला तोंड देण्याचे बळच उरले नव्हते. तिच्या मृत्यूपूर्वी दोनच महिने स्पेनमधील माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने ठरावीक मर्यादेहून कृश मॉडेलांना मज्जाव केला होता. पुढे फ्रान्सने तर मॉडेलला वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती करणारा कायदाच केला. कृशतेला सौंदर्य म्हणणाऱ्यांनाही अखेर डॉक्टरकडे जावे लागले.

आपण म्हणाल, विशीतल्या मुलींचे हे दुखणे, आमच्या घरातील आजी-आजोबांशी याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या बोलण्यात आहे. आपल्याकडे भेटीगाठीत पहिले वाक्य वजनावरच असते. "काय हो, किती छान बारीक झालात! गोळी लागू पडलेली दिसते!" तिशी-चाळिशीच्या माणसाला हे वाक्य उत्तेजन ठरत असेल. पंचाहत्तरीच्या माणसाला ते पुष्कळदा घातक असते.

मुकुंदनगरातील एका परिचित गृहस्थांचे उदाहरण देतो. वय ७६, वजन ६१ किलो, मधुमेह आटोक्यात. आठ महिन्यांत वजन ५४वर आले. शेजाऱ्यांनी कौतुक केले, नातेवाईकांनी पथ्याचे रहस्य विचारले, सुनेने "बाबा, आता शर्ट नव्याने शिवून घेऊ" असे आनंदाने म्हटले. बाबाही सुखावले. मग एके दिवशी स्वारगेटच्या एसटी स्थानकावर साताऱ्याच्या गाडीत चढताना त्यांनी दांडी धरली, पाय पायरीवर ठेवला, आणि शरीर वर उचललेच गेले नाही. ते मागे कोसळले आणि मनगटाचे हाड मोडले. रुग्णालयात चौकशी झाली तेव्हा उलगडा झाला. खालची कवळी सैल झाली होती, टोचत होती. भाकरी, उसळ, शेंगदाणे सारे त्यांनी गुपचूप सोडून दिले होते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा भात. घरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. त्यांचे जे सात किलो गेले त्यात चरबी किती आणि मांड्यांचे स्नायू किती, हे त्या एसटीच्या पायरीने दाखवून दिले.

म्हणून काळजी घेणाऱ्यांना एक आकडा लक्षात ठेवावयाची विनंती आहे. कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे तीन किलोंहून अधिक गेले, तर अभिनंदन न करता डॉक्टरांकडे जावे. कारण साधे असू शकते: कवळी, तोंडातील व्रण, बद्धकोष्ठ, एखाद्या औषधाने गेलेली चव, एकटेपणाने गेलेली भूक, खिन्नता. कारण गंभीरही असू शकते: थायरॉईड, क्षय, अनियंत्रित मधुमेह, कर्करोग, स्मृतिभ्रंशाचा आरंभ. दोन्ही प्रकारांत लवकर कळणे हिताचे. बांगड्या सैल होणे, अंगठी गळून पडणे, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागणे, या खुणा वजनकाट्याआधीच दिसतात. रोज स्नान घालणाऱ्या किंवा साडी नेसवून देणाऱ्या व्यक्तीच्या तर त्या पहिल्यांदा हाताला लागतात.

मग रूपाने माप घ्यावयाचे नसेल तर कशाने घ्यावे? ज्या ब्राझीलची रेस्टन, त्याच ब्राझीलमधून यावरही एक उत्तर आले आहे. रिओ दि जानेरोचे डॉ. क्लॉडिओ गिल अरौजो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५१ ते ८० वर्षे वयाच्या २००२ व्यक्तींना एकच गोष्ट करावयास सांगितली होती: जमिनीवर बसा आणि उठा. बसण्याचे पाच गुण आणि उठण्याचे पाच. हात, गुडघा वा कोपर यांचा आधार घेतला की दर आधारामागे एक गुण वजा, तोल गेला की अर्धा वजा. पुढील सुमारे सहा वर्षांत, ज्यांना तीन वा त्याहून कमी गुण होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण आठ ते दहा गुण मिळविणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक आढळले. केवळ जमिनीवरून उठता येत नाही म्हणून माणूस दगावतो, असा याचा अर्थ नव्हे. उठता येण्यासाठी ताकद, तोल, सांध्यांची लवचिकता आणि वजन या साऱ्यांचा मेळ लागतो, आणि तो मेळ बिघडल्याचे ते चिन्ह असते.

गंमत पाहा. पाटावर बसून जेवणे, पूजेला मांडी घालणे, चुलीपुढून उठणे, सारवणे, निवडणे-टिपणे, यांत आपल्या आजीची ही परीक्षा दिवसातून वीसदा होत असे. जेवणाचे टेबल आणि सोफा आल्यापासून ती बंद पडली. टेबल-खुर्ची काढून टाका असे मी म्हणणार नाही. गुडघे झिजलेल्यांना ती वरदान आहे. परंतु बसण्या-उठण्याचा तो फुकटचा व्यायाम गेला, त्याची भरपाई जाणीवपूर्वक करावी लागेल.

एक सूचना मात्र आवर्जून. जमिनीवरून उठण्याची ही चाचणी सत्तरीपुढच्यांनी, सांधेबदल झालेल्यांनी वा तोल जाणाऱ्यांनी घरी करून पाहू नये. त्यांच्यासाठी खुर्चीची चाचणी पुरेशी आहे. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून किती वेळा पुन्हा बसता येते ते मोजावे. जवळ दुसरी व्यक्ती असावी. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात पुरुषांची संख्या बारापेक्षा आणि स्त्रियांची दहापेक्षा कमी भरली, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे असे समजतात. हातांचा आधार घेतल्याशिवाय एकदाही उठता आले नाही, तर संख्या शून्य धरावी. शून्याची लाज वाटण्याचे कारण नाही. बोस्टनच्या त्या मंडळींतही भक्कम पायांवर आलेले कोणी नव्हते.

आणि चाचणी हाच व्यायाम. जोर आणि बैठका हे आपल्या तालमीतले शब्द. चिंचेची तालीम असो वा टिळक रस्त्यावरचे, १९२४ साली स्थापन झालेले महाराष्ट्रीय मंडळ असो, स्वारगेटच्या आसपास वाढलेल्या पिढीला ते शिकवावे लागत नाहीत. उतारवयात त्यांचे फक्त सौम्य रूप घ्यावयाचे. बैठकीऐवजी खुर्चीवरून उठणे-बसणे: आरंभी पाच वेळा, मध्ये विश्रांती, पुन्हा पाच. खुर्ची नीच वाटली तर वर घडी घातलेले जाजम ठेवून उंची वाढवावी आणि जसजशी ताकद येईल तसतशी एकेक घडी कमी करावी. जोराऐवजी भिंतीवरचे जोर: भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे खांद्याच्या उंचीवर टेकवावेत, कोपरे दुमडत छाती भिंतीजवळ न्यावी व मागे यावे. हे सोपे वाटू लागले की स्वयंपाकाच्या ओट्याला धरून तेच करावे, म्हणजे भार वाढतो. तिसरी गोष्ट तोलाची. ओट्याला दोन्ही हातांनी धरून एका पायावर उभे राहावे, दूध तापेपर्यंत. मग पाय बदलावा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून आल्या तर तो शुभशकुन समजावा. सांधा सुजला वा टोचून दुखू लागला तर थांबावे.

श्वास रोखून धरू नये. उठताना सोडावा. उठताना मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप मोकळा राहतो. छातीत दुखणे, घेरी, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर तो दिवस तेथेच संपवावा आणि डॉक्टरांना कळवावे. रक्तदाब आटोक्यात नसणारे, नुकतीच डोळ्याची वा पोटाची शस्त्रक्रिया झालेले, हर्निया असलेले, मणक्याचे हाड मोडलेले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन बैठकांत पद्धत नीट शिकता येते आणि तो खर्च पडण्याच्या खर्चाच्या मानाने नगण्य असतो.

सोमणांच्या एका गोष्टीचे अनुकरण मात्र करू नये, ती म्हणजे अनवाणी धावणे. त्यांनी ती सवय वर्षानुवर्षे अंगी बाणविली आहे. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना काचेचा तुकडा लागला तरी कळत नाही, आणि त्या लहानशा जखमेचे पर्यवसान पाय गमावण्यात झालेले सर्वांना ठाऊक आहे. सारसबागेच्या हिरवळीवर सकाळी अनवाणी चालण्याचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. मधुमेही वाचकांनी त्यांना नमस्कार करून पुढे जावे, पायांत बूट ठेवून.

व्यायामाइतकाच आहाराचा भाग. स्नायूंना प्रथिने हवीत. ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे वार्धक्याचे अभ्यासक सुचवितात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एक अंडे म्हणजे सुमारे सहा ग्रॅम, एक पेला दूध म्हणजे सहा-सात, वाटीभर घट्ट वरण म्हणजे पाच ते सात. चहा-खारी आणि मऊ भातावर हा आकडा कधीच पुरा होत नाही. चावता येत नसेल तर मुगाचे धिरडे, दह्यातली कोशिंबीर, पिठले, शेंगदाण्याचे कूट घातलेली आमटी, भाजलेल्या फुटाण्यांचे पीठ ताकात कालवून, पनीर कुस्करून, असे कितीतरी मार्ग आपल्या स्वयंपाकघरात आहेत. सारी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागावीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र हे प्रमाण लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच पाळावी.

शुश्रूषा करणाऱ्यांशी थोडे वेगळे बोलावयाचे आहे. प्रेमापोटी आपण वडीलधाऱ्यांची सारी कामे अंगावर घेतो. पाणी हातात देतो, उठताना बगलेत हात घालून उचलतो, "तुम्ही बसा, मी आणते" हे वाक्य दिवसातून पन्नासदा म्हणतो. यात माया आहे यात शंका नाही. पण उठण्याची जी वीस निमित्ते दिवसभरात होती, ती या मायेने एकेक करून काढून घेतली जातात. यापुढे उठताना हात पुढे करावा, पण ओढू नये. तो कठड्यासारखा स्थिर ठेवावा आणि त्यांना धरू द्यावा. पाण्याचा तांब्या पलीकडच्या टेबलावर ठेवावा. उठायला वेळ लागेल. तो लागू द्यावा. आणि "कशाला उठलात?" हा प्रश्न काही दिवस विचारू नये.

स्वारगेट हे तसे माणसाच्या पायांची परीक्षा घेणारे ठिकाण आहे. एसटीची उंच पायरी आहे, पीएमपीच्या गाडीत चढताना मागून होणारी रेटारेटी आहे, सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालच्या मेट्रो स्थानकाचे सरकते जिने आहेत, आणि मान वर केली की पर्वतीच्या पायऱ्या आहेत. वर सांगितलेल्या गृहस्थांची कवळी नवी झाली, मनगट जुळले, जेवणात उसळ परतली. चार महिने खुर्चीची बैठक झाल्यावर त्यांचे वजन ५७वर आहे आणि तीस सेकंदांतील संख्या चारावरून अकरावर गेली आहे. शर्ट नव्याने शिवले नाहीत. ते पर्वती चढले नाहीत, चढावयाचा त्यांचा विचारही नाही. मागच्या महिन्यात ते साताऱ्याला जाऊन आले.

प्रत्येक घरात स्वयंपाकघरातील भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्या चौकटींत दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, इस्त्रीवाल्याचे कपडे असे सारे काही टिपलेले असते. येत्या एक तारखेपासून त्याच चौकटीत आणखी दोन आकडे लिहावेत: घरातील ज्येष्ठांचे वजन आणि खुर्चीवरून उठण्याची संख्या. वजन सकाळी, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर करावे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पाने मोबाईलवर टिपून न्यावीत.